चांगुलपणा मर्जीवर ठेवू नकोस



कारखान्याच्या किल्ल्या हाती आल्या आणि लगेच तुझा निरोप आला, ‘आत्या, मला कंपनी माणसांची करायचीय.’ वाचून बरं वाटलं. कामगार अधिकारी म्हणून भोसरी-चाकणच्या पट्ट्यात माझी उमेद गेली. असा निश्चय केलेले मालक मी पुष्कळ पाहिले. कुणी मोठ्या आजारपणातून उठल्यावर बदलला, कुणी संप मिटल्यावर, कुणी एखाद्या शिबिराहून आल्यावर. मनं खरोखर बदलायची, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्यातलं कामगाराच्या पदरात किती पडलं, ते दुसऱ्याच गोष्टीवर ठरायचं. मालकाने आपला चांगुलपणा मर्जीवर ठेवला की नियमात बांधून टाकला? मर्जी सोमवारी असते, मंगळवारी एखादी ऑर्डर हुकली की नसते. नियम मालकाचा मूड बघत नाही. खाली जे सांगते आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

तोंडावर बोलणाऱ्याला जप

काझुओ इनामोरी नावाच्या इंजिनिअरने १९५९ साली सात सहकाऱ्यांना घेऊन जपानमध्ये क्योतोला सिरॅमिकचे भाग बनवणारी कंपनी काढली. तीच आजची क्योसेरा. आपलं तंत्र जगाला दाखवून द्यायचं, हा त्याचा हेतू. १९६१ मध्ये अकरा तरुण कामगार मागणीपत्र घेऊन त्याच्यापुढे उभे राहिले. शाळा संपवून आदल्या वर्षीच कामाला लागलेली पोरं. दरवर्षी पगारवाढ किती, बोनस किती, याची हमी द्या, नाहीतर आम्ही चाललो, असं त्यांचं म्हणणं. इनामोरी तेव्हा जेमतेम २९ वर्षांचा. त्याने हमी दिली नाही, कारण कंपनी टिकेल की नाही हेच त्याला ठाऊक नव्हतं आणि खोटा शब्द द्यायचा नव्हता. पण त्या पोरांना बाहेरची वाटही दाखवली नाही. त्यांना घरी घेऊन गेला आणि तीन दिवस, तीन रात्री त्यांच्याशी बोलत बसला. पोरं राहिली.

तू लक्षात घ्यायचं ते यापुढचं. पोरं गप्प झाली म्हणजे प्रश्न मिटला, असं त्याने मानलं नाही. आईबापाला आणि भावंडांना चार पैसे पाठवताना ज्याची स्वतःची ओढाताण व्हायची, त्याने या परक्या पोरांच्या आयुष्याची हमी का घ्यावी, हा विचार त्याला बरेच दिवस छळत राहिला. त्यातून त्याने कंपनीचा हेतूच बदलून लिहून काढला: इथे काम करणाऱ्या सगळ्यांचं भौतिक आणि मानसिक सुख, आणि सगळ्यांनी मिळून समाजाच्या प्रगतीला लावलेला हातभार. ‘माझं तंत्र’ त्यातून गेलं. आणि हे त्याने मनात ठेवलं नाही. कागदावर उतरवलं, म्हणजे उद्या कुणीही तो कागद त्याच्याच नाकासमोर धरू शकेल.

आपल्याकडची रविवारची सुट्टी तरी कुठे मालकांना आपणहून सुचली होती? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सुट्टी मागितली आणि मागतच राहिले. तेव्हा कुठे १० जून १८९० पासून रविवार मोकळा झाला. मालकाला शहाणपण बहुतेक वेळा खालून येतं. ते यायची वाट तेवढी बुजवू नकोस.

म्हणून असं कर. महिन्यातून एकदा कामगारांबरोबर बैठक घे, आणि त्या वेळी सुपरवायझरला बाहेर ठेव. कोण काय बोललं ते वहीत लिही. पुढच्या बैठकीची सुरुवात भाषणाने करायची नाही, गेल्या खेपेच्या तक्रारींचं काय झालं ते वाचून करायची. जे जमलं नाही ते ‘जमलं नाही, कारण अमुक’ असं सरळ सांग. आणि जो उठून बोलला त्याचं नाव नंतर केबिनमध्ये विचारू नकोस. तू नुसतं ‘तो कोण रे?’ विचारलंस तरी तळातल्या शिफ्टपर्यंत त्याचा अर्थ पोचतो. पुढच्या बैठकीत मग सगळे चहा पितात आणि ‘सगळं छान आहे साहेब’ म्हणतात.

आधी पगाराची तारीख, मग मूल्यांचा बोर्ड

महिना संपल्यापासून सात दिवसांत पगार, असं कायदा सांगतो. तू पाच दिवसांत दे, आणि ती तारीख नोटीस बोर्डावर लाव. पगार बाराला झाला तर तुझ्या दृष्टीने आठवडाभराचा उशीर. पण ज्याच्या दुचाकीचा हप्ता पाच तारखेला खात्यातून जातो, त्याला बँकेचा दंड बसतो, पुढच्या कर्जाला नाट लागते आणि घरी बायकोपुढे मान खाली जाते. एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाकून ठेव आणि कच्च्या मालाचा कितीही चांगला सौदा आला तरी तिला हात लावू नकोस.

ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो, हे तुला कुणी सांगायला नको. तरी पुष्कळ ठिकाणी ‘सिंगल ओटी’ चालते. एक रजिस्टर इन्स्पेक्टरसाठी, दुसरं खरं. तुझ्या कारखान्यात दुसरं रजिस्टर असेल, तर नीतीच्या गोष्टी तू त्या दिवसापर्यंत बोलू नयेस ज्या दिवशी ते बंद होईल. कामगाराला हिशेब कळतो. तो बोलत नाही, एवढंच.

हेच माल पुरवणाऱ्यांच्या बाबतीत. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं, करारात काहीही लिहिलेलं असो, ४५ दिवसांपलीकडे थांबवता येत नाही. तुझ्या बिलावर कुणातरी जॉबवर्कवाल्याच्या चार कामगारांचा पगार अडकलेला असतो. आपल्या माणसांशी देवमाणसासारखं वागायचं आणि शेजारच्या शेडमधल्या माणसाला तीन महिने फिरवायचं, असं चालणार नाही.

बोट कुणाचं गेलं त्याआधी टार्गेट कुणी लावलं ते विचार

प्रेस शॉप तू लहानपणापासून पाहिलं आहेस. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच स्ट्रोक पडतो, म्हणजे हात डायमध्ये राहात नाहीत. एका कारखान्यात दुसऱ्या शिफ्टला फेरी मारताना मला एका प्रेसचं डावं बटण आत दबलेलं दिसलं. पत्र्याची घडी घालून ती बटणावर खोचलेली, वरून काळी टेप. ऑपरेटर एका हाताने उजवं बटण दाबत होता आणि दुसऱ्या हाताने जॉब काढत होता. डाय खाली येताना त्याची बोटं चारेक इंचांवर असायची. मी काही बोलायच्या आत त्यानेच सांगितलं, ‘मॅडम, दोन्ही हातांनी करत बसलो तर तासाचं भरत नाही.’

एरवी अशा वेळी काय होतं ते ठरलेलं आहे. त्याला मेमो मिळतो, सुपरवायझर दोन शिव्या देतो, टेप निघते आणि आठवड्याभरात परत लागते. तिथल्या मालकाने मात्र वेगळं केलं. दुसऱ्या दिवशी शर्टाच्या बाह्या दुमडून तो स्वतः त्या प्रेसवर उभा राहिला, दोन्ही बटणं मोकळी ठेवून. घड्याळ लावलं. तासाभराने मोजलं तर जॉब टार्गेटच्या कितीतरी खाली. टार्गेट ऑफिसात बसून काढलेलं होतं, मशिनच्या स्ट्रोकवरून. जॉब उचलायचा, लावायचा, काढायचा, ट्रेमध्ये टाकायचा, हा वेळ त्यात कुणी धरलाच नव्हता. त्याच आठवड्यात टार्गेट बदललं, आणि हात आत असताना प्रेस थांबवणारा प्रकाशाचा सेन्सर बसवायचा खर्च मंजूर झाला. कंपनीची भूमिका बदलल्याचं कुणी जाहीर केलं नाही. पण त्या दिवसापासून पोरं त्या माणसाला खरं सांगू लागली.

तूही प्रत्येक मोठं टार्गेट लावण्याआधी त्या मशिनवर एक तास उभा राहा. न जमलं तर लाज वाटून घेऊ नकोस, आकडा बदल. आणि अपघात झाला तर चौकशीचा पहिला प्रश्न ‘कुणाची चूक?’ असा नको. ‘सुरक्षित पद्धतीने हे काम वेळेत होत होतं का?’ असं विचार.

पाकिटातून देऊ नकोस

हा मंत्र तुला कडू लागेल, कारण आपल्या घरात पाकीट उघडण्याचंच कौतुक आहे. शनिवारी जेवणानंतर केबिनबाहेर कुणीतरी हातात रुमाल चुरगाळत उभा असतो. आईचं ऑपरेशन, पोरीची फी. मालक खिशात हात घालतो, दहा हजार देतो, डोळे भरून येतात, दोघांचेही. यात वाईट काही नाही. पण दारात उभं राहायचं धाडस ज्याच्यात नाही त्याच्या आईचं काय? आणि ज्याने पैसे घेतले तो पुढच्या वेळी कमी मिळालेल्या ओटीबद्दल तुझ्याशी कसा भांडेल?

नागपूरच्या एम्प्रेस मिलची गोष्ट यासाठी माहीत हवी. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. तिथे गैरहजेरी फार. सणावाराला, लग्नसराईला, पाहुणे आले तरी माणसं घरी राहायची. त्या काळचा सोपा उपाय दंडाचा. टाटांनी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी उलटी वाट धरली. चांगल्या कामाला बक्षिसं ठेवली, गिरणीत हवा खेळती राहील आणि दमटपणा बेताचा राहील अशी यंत्रणा बसवली. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी सुरू केला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. अशा भरपाईचा कायदा हिंदुस्थानात आला तो १९२३ साली, आणि भविष्य निर्वाह निधीचा १९५२ साली. टाटांना दया आली आणि त्यांनी एखाद्या जखमी माणसाच्या हातावर पैसे ठेवले, तर ती गोष्ट त्याच्या घरापुरती राहिली असती. त्यांनी निधी उभारला, म्हणून ती त्याच्या शेजाऱ्यालाही मिळाली, न मागता. जमशेटजी १९०४ साली गेले. त्यांच्या पोलाद कारखान्यात आठ तासांची पाळी सुरू झाली १९१२ मध्ये. माणूस गेल्यावर आठ वर्षांनी त्याची रीत कारखान्यात पुढे जाते, ती अशी.

तू काय कर? अडीअडचणीचा निधी काढ. कंपनीचे इतके, कामगाराचे थोडे. कुणाला, किती, कोणत्या कारणासाठी, फेड कशी, हे एका पानावर लिही. अर्ज बघायला तीन कामगारांची समिती कर. तू त्यात बसू नकोस. पहिल्या वर्षी तुला चुकल्यासारखं होईल. कुणी येऊन पाया पडणार नाही. तसंच व्हायला हवं.

ठेक्याच्या पोरांच्या रांगेत उभा राहा

शितावरून भाताची परीक्षा करायची तर कारखान्याची शितं दोन, कँटीन आणि संडास. परमनंटची थाळी वेगळी, ठेक्याच्या पोरांची वेगळी, आणि स्टाफला आत टेबलखुर्ची, असं तुझ्याकडे असेल तर आधी ते मोड. महिन्यातून दोनदा न सांगता त्यांच्या रांगेत उभा राहा, त्यांच्याच ताटात जेव. डाळ पातळ आहे हे ऑडिट रिपोर्टमध्ये येत नाही.

ठेकेदाराला बिल देताना त्याच्याकडून पीएफ आणि ईएसआय भरल्याच्या पावत्या घे, आणि त्यांवरच्या नावांशी आपल्या गेटची हजेरी ताडून बघ. ‘ती माणसं ठेकेदाराची’ हे वाक्य तुझ्या कारखान्यात कुणाच्याही तोंडी येता कामा नये. ती तुझ्या मशिनवर उभी असतात.

बायका कामाला असतील तर त्यांच्या संडासाला आतून कडी आहे का, पाणी आहे का, कचऱ्याची झाकणाची टोपली आहे का, हे एखाद्या जाणत्या बाईला विचारून घे. दिवसभर पाणी न पिता काम करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, कारण जायला धड जागा नव्हती. दहा किंवा अधिक माणसं कामाला असली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागतेच, २०१३ चा कायदा आहे. पण समितीची नावं फाईलमध्ये नको, बायकांच्या खोलीत लाव, फोन नंबरासकट.

माणसाचा मागचा दाखला बघताना

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथे तुरुंगात जाऊन आलेल्या माणसांना त्यांनी रखवालीचं काम दिलं. ज्याच्यावर जगाने चोराचा शिक्का मारला त्याच्याच हाती किल्ल्या. तू एवढं धाडस एकदम कर असं मी म्हणत नाही. पण ‘युनियनमध्ये होता’, ‘मागच्या कंपनीने काढलाय’, ‘अमुक भागातली पोरं नकोत’, असे तोंडी शेरे भरतीच्या वेळी चालतात ते बंद कर. नाकारायचं असेल तर कारण लिहून नाकार. जे लिहायची लाज वाटते ते कारण नव्हेच.

हिशेब उघडा ठेव

इनामोरींनी पुढे कंपनी लहान लहान गटांत वाटली. प्रत्येक गटाला आपली आवक, आपला खर्च, आपल्या एका तासातून किती मोल निघालं, हे कळायचं. ज्याला आकडे दिसतात तो मालकासारखा विचार करतो, हा त्यामागचा हिशेब. तू निदान महिन्याचं उत्पादन, स्क्रॅप, वीजबिल आणि परत आलेला माल हे चार आकडे बोर्डावर लाव. चांगल्या महिन्यात लावलेस तरच वाईट महिन्यात लोक विश्वास ठेवतील.

वाईट दिवस येतीलच

आज तू जे ठरवतो आहेस त्याची परीक्षा ऑर्डर भरपूर असताना होणार नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर क्योसेराच्या ऑर्डरी झपाट्याने घसरल्या. इनामोरींनी माणसं काढली नाहीत. ज्यांना काम नव्हतं त्यांना साफसफाई, देखभाल, शिक्षण यांत गुंतवलं. वर्षाची पगारवाढ थांबवू या, असं युनियनपुढे मांडलं आणि युनियनने ते मान्य केलं. दिवस सुधारल्यावर राहिलेलं त्यांनी भरून दिलं. १९६१ मध्ये ते त्या पोरांबरोबर तीन रात्री बसले नसते, तर १९७४ मध्ये त्यांचा शब्द कुणी मानला नसता.

पण त्याच माणसाची दुसरी बाजूही ऐक, नाहीतर तू त्याला देव करशील. जानेवारी २०१० मध्ये जपान एअरलाइन्सचं दिवाळं निघालं. ७८ वर्षांच्या इनामोरींनी एक पैसा पगार न घेता तिची सूत्रं हाती घेतली. कंपनी नफ्यात आली आणि सप्टेंबर २०१२ मध्ये पुन्हा शेअर बाजारात उतरली. मात्र कंपनी सावरण्याच्या योजनेत सुमारे १६ हजार नोकऱ्या गेल्या. माणसांना सगळ्यांत वर ठेवणाऱ्यालाही कधी कपात करावी लागते, आणि ती कपात ज्यांच्या वाट्याला येते त्यांना त्याच्या तत्त्वज्ञानाने पोळी मिळत नाही. म्हणून तुझ्यावर ती वेळ आली तर क्रम चुकवू नकोस. आधी तुझा पगार आणि गाडी, मग वरच्यांचे भत्ते, मग ओव्हरटाइम, मग नवी भरती, आणि सगळ्यांत शेवटी माणूस. जायचंच असेल त्याला तू स्वतः समोर बसवून सांग. गेटवर वॉचमनने कार्ड काढून घेतलं आणि त्याला कळलं, असं होऊ देऊ नकोस. त्याची ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, अनुभवाचा दाखला त्याच भेटीत त्याच्या हातात पडायला हवा. आणि ‘आपण सगळे एक कुटुंब’ असं त्याला आधी वर्षभर ऐकवलेलं नसलं तर बरं. घरात मस्टर नसतं. चोख हिशेब ठेवणारा मालक कामगाराला पुरतो.

मधल्या माणसाला सोबत घे

तू बदललास तरी कामगाराला दिवसभर दिसतो तो सुपरवायझर. त्याची बढती जर फक्त उत्पादनाच्या आकड्यावर असेल, तर तुझी सगळी मूल्यं त्याच्या टेबलापाशी अडतात. त्याच्या वार्षिक मूल्यमापनात तीन गोष्टी घाल: त्याच्या शिफ्टमध्ये किती अपघात थोडक्यात टळले आणि त्याने किती नोंदवले, किती माणसं नोकरी सोडून गेली, किती जणांना त्याने नवं मशिन शिकवलं. नोंदी जास्त म्हणून त्याला झापू नकोस. नोंद न करणारा सुपरवायझर जास्त धोक्याचा.

तू नसताना काय होतं ते बघ

शेवटची गोष्ट. तू बदललास की नाही हे ठरवायला स्वतःच्या मनाला विचारत बसू नकोस, मन नेहमी आपल्या बाजूने साक्ष देतं. महिनाभर बाहेर जा. आल्यावर बघ: पगार ठरल्या तारखेला झाला का, निधीतून कुणाला पैसे मिळाले का, प्रेसची दोन्ही बटणं मोकळी आहेत का, बैठकीच्या वहीत नवी पानं भरली का. तुझ्यावाचून हे चाललं असेल, तर बदल कारखान्यात उतरला. तुझ्या येण्याची वाट बघत थांबलं असेल, तर तो अजून तुझ्या स्वभावातच आहे, आणि स्वभाव वारसाहक्काने पुढे जात नाही. त्यामुळे कामाला लाग. पहिलं काम सोपं आहे. उद्या सकाळी ओव्हरटाइमचं रजिस्टर मागव, आणि ‘कुठलं?’ असा प्रश्न आला तर दोन्ही मागव.

तुझी,
आत्या